केसपेपरला ताळ्याचा आकडा हवा

ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडीच्या रस्त्यावर काल्हेर लागते. रस्त्याला मेट्रोचे खांब, दोन्ही अंगांना गोदामे आणि गोदामांच्या आडून डोके वर काढणाऱ्या नव्या इमारती. साबणापासून मोबाइलपर्यंत आणि चपलांपासून औषधांपर्यंत हरतऱ्हेचा माल या पट्ट्यातून जातो. इथल्या जवळपास प्रत्येक खोक्यावर काळ्या रेघा आणि त्यांच्याखाली १३ आकड्यांची एक संख्या छापलेली असते. स्कॅनर समोर धरला की 'टुक्' वाजते आणि नोंद होते. रेघ पुसट झाली, एखादा आकडा चुकीचा वाचला गेला, तर यंत्र ती संख्या स्वीकारतच नाही.

आता याच गोदामात खोकी उचलणाऱ्या कामगाराला ताप आला असे समजा. तो सरकारी दवाखान्यात जातो, रांगेत उभा राहतो, त्याला केसपेपर मिळतो. पेपरच्या कोपऱ्यात पाच आकडी नंबर पेनने लिहिलेला किंवा शिक्क्याने उठवलेला असतो. तोच नंबर पुढे रक्ततपासणीच्या चिठ्ठीवर, नळीवरच्या पट्टीवर, प्रयोगशाळेच्या वहीत आणि शेवटी रिपोर्टवर उतरतो. निदान चार वेळा तो कुणीतरी हाताने लिहितो, आणि त्यातला एक आकडा इकडचा तिकडे झाला तरी कुठेही काही वाजत नाही. साबणाच्या खोक्याला जी राखण मिळते ती माणसाला मिळत नाही. हा फरक पैशांचा किंवा मोठ्या यंत्रसामग्रीचा नाही. तो एका आकड्याचा आहे.

जुन्या पिढीतल्या वाचकांना शाळेतला 'ताळा' आठवत असेल. मोठा गुणाकार केला की दोन्ही संख्यांतील आकड्यांची बेरीज करायची, ती एक आकडी होईपर्यंत पुन्हा बेरीज करायची, त्या दोन आकड्यांचा गुणाकार करून उत्तराच्या ताळ्याशी जुळवायचा. जुळला तर गुणाकार बहुधा बरोबर. खोक्यावरच्या संख्येतही असाच ताळा दडवलेला आहे. उदाहरणादाखल ८९०१२३४५६७८९० ही संख्या घ्या. शेवटचे शून्य बाजूला ठेवा. उरलेल्या १२ आकड्यांपैकी पहिला, तिसरा, पाचवा असे विषम जागांवरचे आकडे मिळवले की २८ येतात. सम जागांवरच्या आकड्यांची बेरीज ३४ आहे. तिला ३ ने गुणले की १०२. दोन्ही मिळून १३०. पुढच्या दशकापर्यंत जायला आणखी शून्य हवे, म्हणून शेवटचा आकडा शून्य. घरातल्या कुठल्याही बिस्किटाच्या पुड्यावर हा हिशोब करून पाहता येईल. शेवटचा आकडा मालाची काहीच माहिती सांगत नाही. आधीचे १२ आकडे नीट आले का, एवढेच तो पाहतो.

मग जुना नवाचा ताळाच केसपेपरवर का घालू नये? इथे मोठ्या संख्यांच्या गुणधर्मांकडे थोडे वळावे लागते, आणि त्यासाठी ठाणे जिल्ह्याबाहेर जाण्याचीही गरज नाही. काल्हेरहून खाडीपलीकडे काही किलोमीटरवर डोंबिवली आहे. या स्टेशनाच्या 'डेम्लो' या जुन्या नावावरून द. रा. कापरेकर यांनी एका संख्याकुळाचे नाव ठेवले. जी.आय.पी. रेल्वेच्या त्या स्टेशनावर त्यांना या संख्यांचा विचार सुचला होता. कापरेकरांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. शिक्षण ठाणे आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात झाले, आणि १९३० ते १९६२ त्यांनी देवळालीला शाळेत शिकवले. विद्यापीठात जागा नाही, संशोधनाची पदवी नाही, पण संख्यांचा नाद असा की देशातल्या गणितज्ञांनी बराच काळ त्याकडे करमणूक म्हणूनच पाहिले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'च्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष गेले. घरच्या माणसाची ओळख परक्याने करून द्यावी, हे आपल्याकडे नवे नाही.

डेम्लो संख्यांपैकी सर्वांत देखणी म्हणजे १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा आकडी ही संख्या १११११११११ चा, म्हणजे नऊ एकांच्या संख्येचा वर्ग आहे. तिच्या आकड्यांची बेरीज ८१ येते आणि तिला ८१ ने नेमका भागही जातो. स्वतःच्या आकड्यांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनीच 'हर्षद', म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव दिले होते. आता या सतरा आकड्यांची हवी तशी उलथापालथ करा. बेरीज ८१ च राहणार, आणि नऊने भाग जाणे काही सुटणार नाही. नवाच्या ताळ्याचे बळ यातच आहे आणि दुबळेपणही यातच आहे. आकडे कोणते हे त्याला कळते, पण ते कोणत्या जागी बसलेत हे कळत नाही.

१९४९ साली कापरेकरांना गवसलेली ६१७४ ही संख्या तर याचा उत्तम दाखला आहे. चारही आकडे सारखे नसलेली कोणतीही चार आकडी संख्या घ्या, तिचे आकडे उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा हेच करा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येते आणि मग तिथेच राहते, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४. यातल्या प्रत्येक पायरीवरच्या उत्तराला ९ ने भाग जातो. आकड्यांच्या जागा बदलल्या की संख्येत पडणारा फरक नेहमी नऊच्या पटीतच असतो. ६१७४ चे ६१४७ झाले तर फरक २७. पेढीवरच्या मुनिमांना हे व्यवहारातून माहीत असे. जमाखर्चात नवाने भाग जाणारी तफावत आली की ते आधी उलटसुलट लिहिलेला आकडा शोधत.

दवाखान्यात तर नेमकी हीच चूक होते. आकडे हाताने उतरवताना माणूस बहुधा दोन प्रकारे चुकतो. सर्वांत जास्त वेळा एखादा आकडा दुसराच लिहिला जातो, आणि त्याखालोखाल शेजारचे दोन आकडे जागा बदलतात. महाराष्ट्रात पहिल्या प्रकाराला एक खास कारण आहे. आपण दोन लिप्यांतले आकडे एकाच कागदावर लिहितो. घाईत लिहिलेला मराठी ४ इंग्रजी आठसारखा दिसतो आणि मराठी १ इंग्रजी नऊसारखा. केसपेपर काढणाऱ्याने मराठीत लिहिले आणि प्रयोगशाळेतल्याने इंग्रजीत वाचले की रुग्ण बदलला.

मग खोक्यावरचाच ताळा उचलून केसपेपरवर ठेवावा का? तर तेही नको. त्या पद्धतीत शेवटी १० ने भागतात, आणि १० म्हणजे २ गुणिले ५. शेजारचे दोन आकडे उलटे पडले तर तिथली बेरीज त्यांच्यातील फरकाच्या दुप्पट बदलते. फरक ५ असेल तर बदल १० चा होतो आणि ताळा फसतो. १६ चे ६१ झाले, २७ चे ७२ झाले, तरी तो निमूटपणे होकार देतो. गोदामात त्याने बिघडत नाही, कारण तिथे यंत्र रेघा वाचते आणि यंत्र आकडे उलटे लिहीत नाही. माणूस लिहितो. यंत्रासाठी घडवलेला ताळा हाताने लिहिणाऱ्यांच्या गळ्यात बांधणे चुकीचे ठरेल.

यावर साधा उतारा आहे ११. ही मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि स्वतःखेरीज तिला कशानेही भाग जात नाही. केसपेपरचा नंबर ४८२७१ आहे असे धरा. डावीकडून प्रत्येक आकड्याला अनुक्रमे ६, ५, ४, ३, २ ने गुणा: २४, ४०, ८, २१, २. बेरीज ९५. तिला ११ ने भागले की बाकी ७ उरते, ११ मधून ७ गेले ४. तेव्हा नंबर झाला ४८२७१-४. आता शेवटच्या दोन आकड्यांची अदलाबदल होऊन ४८२१७-४ लिहिले गेले, तर बेरीज ८९, त्यात ४ मिळवून ९३, आणि ९३ ला ११ ने भाग जात नाही. चूक पकडली गेली. मराठी ४ आणि इंग्रजी आठचा गोंधळ होऊन ४४२७१-४ झाले, तर ७९ येतात. त्यालाही भाग जात नाही. हे योगायोगाने होत नाही. आकड्यातील फरक ९ पेक्षा मोठा होऊ शकत नाही, गुणकही ६ पेक्षा मोठा नाही, आणि ११ पेक्षा लहान दोन संख्यांच्या गुणाकाराला ११ ने कधीच भाग जात नाही. म्हणून एक आकडा चुकला किंवा दोन आकडे उलटले तर ही चूक निसटणे अशक्य आहे. दोन-तीन चुका एकदम झाल्या तर मात्र अकरात एखादी निसटू शकते.

यात एक अडचण आहे. कधी कधी हिशोब केल्यावर शेवटचा आकडा १० येतो आणि तो एका जागेत मावत नाही. वर घेतलेल्या मालिकेत ४८२७९ ला तसेच होते. तो नंबर सरळ गाळायचा. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत प्रत्येक रुग्णाला १० आकडी नंबर असतो, त्याचा शेवटचा आकडा याच ११ च्या हिशोबाने येतो आणि १० उत्तर येणारे नंबर कुणालाच दिले जात नाहीत. अकरातला एक नंबर वाया गेला तर तोटा काय? नंबर फुकट असतात.

आपल्या देशातही हे नवे नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. त्या १२ आकड्यांतला शेवटचा आकडा ताळ्याचाच आहे, आणि त्यासाठी वापरलेली पद्धत डच गणितज्ञ याकोबुस व्हेरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडलेली आहे. ती दहाच आकड्यांत राहूनही एका आकड्याची प्रत्येक चूक आणि शेजारच्या आकड्यांची प्रत्येक अदलाबदल पकडते. फक्त तिचा हिशोब तोंडी करता येत नाही, संगणक लागतो. म्हणजे ज्या रुग्णाच्या खिशातल्या आधार कार्डावर इतका चोख ताळा आहे, त्याच्याच हातातल्या केसपेपरवर काहीच नसते. औषधांचेही तसेच. १ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० औषध ब्रँडांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. गोळी खरी की बनावट हे तपासता येते, पण ती ज्याला द्यायची तो माणूस हाच का, हे तपासण्याचे साधन मात्र पेनने लिहिलेला पाच आकडी नंबर.

ही किरकोळ बाब आहे असे ज्यांना वाटते त्यांनी रक्तपेढीचा विचार करावा. चुकीच्या गटाचे रक्त चढले तर काही मिलिलिटरमध्येच रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. ब्रिटनमध्ये १९९६ पासून रक्तसंक्रमणातील दुर्घटनांची देशव्यापी नोंद ठेवली जाते. अशा दुर्घटनांमागे रक्तगट तपासण्याचे तंत्र क्वचितच चुकलेले असते. बहुतेक वेळा माणसाची ओळख चुकलेली असते, हे तिथे वर्षानुवर्षे दिसत आले आहे. क्षयरोगाच्या थुंकी-तपासणीत एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या कागदाला लागला तर औषधांना दाद न देणारा रुग्ण साध्या गोळ्यांवर राहतो आणि घरातल्यांना संसर्ग देत राहतो. गरोदर बाईच्या एचआयव्ही तपासणीत अशी अदलाबदल झाली तर काय होईल, हे सांगायला नको. यातली प्रत्येक चूक पुढे कधीतरी उघडकीला येते, पण तोवर उशीर झालेला असतो.

आणि नाव आहेच की, असे म्हणून भागत नाही. काल्हेरच्या परिसरात पाटील, म्हात्रे, भोईर या आडनावांची गावेच्या गावे आहेत. यंत्रमागांवर आणि गोदामांत काम करणाऱ्यांत अन्सारी, यादव असे शेकडो. एकाच सकाळी, एकाच वयाचे, एकाच नावाचे दोघे ओपीडीत असणे ही सरकारी दवाखान्यातली रोजची गोष्ट. त्यात खोली बदलते, मोबाइल नंबर बदलतो, हिंदीतले नाव मराठीत आणि मराठीतले इंग्रजीत जाताना तीन रूपे घेते. नवजात बाळाला तर नावच नसते. पट्टीवर आईचे नाव असते, आणि जुळी असतील तर पुढे १ आणि २.

नंबर चालू क्रमाने पडत असल्यामुळे आणखी एक धोका असतो. रांगेत पुढेमागे उभ्या असलेल्या दोघांचे नंबर एका आकड्यानेच वेगळे असतात आणि त्यांच्या नळ्याही एकाच रॅकमध्ये शेजारी उभ्या राहतात. ताळ्याचा आकडा लावला की ४८२७१-४ नंतर ४८२७२-२ येतो, त्यानंतर ४८२७३-०. शेजाऱ्यांच्या नंबरांत आता निदान दोन आकड्यांचा फरक पडतो. त्यामुळे एका आकड्याच्या चुकीने कुणीही दुसऱ्या खऱ्या रुग्णाच्या नंबरावर जाऊन पडत नाही.

आधीच तीनशेची ओपीडी सांभाळणाऱ्या कारकुनाने आणि परिचारिकेने हा गुणाकार करत बसायचे का, हा आक्षेप रास्त आहे. उत्तर नाही असेच आहे. केसपेपर आणि नोंदवह्या छापखान्यातून नंबर घालून येऊ शकतात. छापतानाच सहावा आकडा छापला की कारकुनाला काहीच करावे लागत नाही. जिथे संगणकावर नोंदणी होते तिथे हा आकडा काढणे आणि चुकीचा नंबर नाकारणे हे सॉफ्टवेअरमधल्या चार ओळींचे काम आहे. हाताने पडताळायचे ते मोजक्या ठिकाणी: रक्ताच्या पिशवीची मागणी, शस्त्रक्रियेची यादी, महत्त्वाचा रिपोर्ट कागदाला जोडताना. सहा आकड्यांचा हिशोब अर्ध्या मिनिटाचा असतो आणि रक्ताची पिशवी टांगण्याआधी अर्धे मिनिट थांबायला हरकत नसावी. बारकोडच्या पट्ट्या आणि स्कॅनर आले तर उत्तमच. पण प्रिंटरची शाई संपते, वीज जाते, दुरुस्तीचा ठेका संपतो, आणि मग पुन्हा पेन हातात येते. ताळ्याचा आकडा त्या दिवशीही कामाला येतो.

आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा १४ आकडी 'आभा' क्रमांक आहे, मग वेगळ्या नंबराची गरज काय, असेही विचारले जाईल. पण बेशुद्धावस्थेत रुग्णवाहिकेतून आणलेल्या माणसाकडे किंवा नुकत्याच जन्मलेल्या बाळाकडे तो नसतो. उपचार कुणाच्याही कार्डाची वाट पाहू शकत नाहीत, पाहूही नयेत. दवाखान्याचा स्वतःचा नंबर राहणारच. काल्हेरच्या रुग्णाला तर असे तीन नंबर मिळू शकतात: जिल्हा परिषदेच्या आरोग्य केंद्राचा एक, राज्य शासनाच्या रुग्णालयाचा दुसरा आणि पुढे महापालिकेच्या रुग्णालयात पाठवले तर तिसरा. तीन यंत्रणांनी एकच नंबर वापरावा ही अपेक्षा इतक्यात पुरी होणारी नाही, पण ताळा तिघींनी एकाच रीतीने घालावा, एवढे तरी एका परिपत्रकाने होऊ शकते.

या आकड्याकडून नको ती अपेक्षाही ठेवू नये. नमुनाच चुकीच्या माणसाचा घेतला गेला, बरोबर नंबराचा रिपोर्ट चुकीच्या फाइलला लागला, किंवा कुणी दुसऱ्याचा अख्खा खरा नंबर उतरवला, तर ताळा गप्प राहील. जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न केंद्राने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेसाठी जे उपाय सुचवले, त्यात प्रत्येक वेळी निदान दोन खुणांनी ओळख पटवावी असे म्हटले आहे. नंबर ही एक खूण झाली. दुसरी खूण म्हणजे विचारलेले नाव, आणि तेही नीट विचारलेले. 'तुम्ही पाटील ना?' असे विचारले तर तापाने फणफणलेला, कमी ऐकू येणारा किंवा नुसताच भेदरलेला माणूस मान डोलावतो. 'तुमचं पूर्ण नाव सांगा' असे विचारले तर त्याला सांगावेच लागते.

रुग्णांनाही यात करण्यासारखे काही आहे. रिपोर्ट हातात आला की खिडकीपासून दूर जाण्याआधी त्यावरचे नाव, वय आणि नंबर आपल्या केसपेपरशी ताडून पाहावा. वाचता येत नसेल तर शेजारच्याला वाचायला सांगावा. खिडकीतला माणूस वैतागला तरी चालेल.

केसपेपर आणि रक्तमागणीच्या अर्जांची छपाई पुढेही होत राहणारच आहे. छापखान्याला द्यायच्या मजकुरात नंबरानंतर एक आडवी रेघ आणि एका आकड्याची जागा एवढेच वाढवायचे आहे. एखाद्या तालुक्याने रक्तमागणीच्या अर्जापासून सुरुवात केली आणि सहा महिने किती चुकीचे नंबर पकडले गेले याची साधी वही ठेवली, तरी पुढचा निर्णय घ्यायला ती पुरेशी होईल.